निष्ठा, पारख आणि आस्वाद

‘हाय-फाय’ हा शब्द मराठीत येऊन बराच काळ लोटला. आणि येताना त्याने आपला अर्थ जवळजवळ उलटा करून घेतला. हायफाय हॉटेल, हायफाय लग्न, हायफाय शाळा असे आपण म्हणतो तेव्हा त्यात उच्चभ्रूपणाची, भपक्याची आणि थोड्या थट्टेची छटा असते. मूळ इंग्रजी संक्षेपातला ‘हाय’ तेवढा आपण घेतला आणि ‘फाय’ वाटेत सांडला. हा ‘फाय’ म्हणजे ‘फिडेलिटी’, अर्थात निष्ठा. ध्वनीच्या पुनरुत्पादनाच्या संदर्भात ही संज्ञा रूढ झाली ती एका साध्या अपेक्षेतून : यंत्रातून बाहेर पडणारा आवाज मूळ आवाजाशी शक्य तितका प्रामाणिक असावा. ही अपेक्षा गळून पडली आणि उंची तेवढी शिल्लक राहिली, यात बोलीचे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. बोलीने येथे एक अभिप्राय दिला आहे. नाव निष्ठेचे असले तरी व्यवहार प्रतिष्ठेचाच आहे, असे तिला सुचवावयाचे असावे.

हा अभिप्राय कितपत न्याय्य आहे हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यंत्राच्या निष्ठेविषयी एवढा आग्रह धरणारा श्रोता स्वतः कशाशी निष्ठ असतो, हा त्यातला मूळ प्रश्न. तो साहित्यसमीक्षेच्या पानांवर कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु माध्यमाची चिकित्सा आणि कृतीचा आस्वाद यांतील संबंध हा आपल्याही शास्त्राचा जुना, न सुटलेला पेच आहे. संहितेची शुद्धता तपासता तपासता ती वाचण्याचेच राहून गेलेले अभ्यासक आपण सर्वांनी पाहिले आहेत. शिवाय येथे केवळ सौंदर्यशास्त्रीय नव्हे, तर नैतिक असे काही पणाला लागलेले आहे. ज्याने एकदाच गायिले आणि जो आता नाही, त्याचे आपण काय देणे लागतो, असे त्याचे स्वरूप ढोबळपणे सांगता येईल.

हाय-फाय उपकरणांच्या प्रदर्शनांना मी छांदिष्ट म्हणून जातो. तेव्हा पुढील निरीक्षण बाहेरच्या माणसाचे नाही. या प्रदर्शनांचा साचा जुना आहे. १९४९ साली न्यूयॉर्कमधील हॉटेल न्यूयॉर्करमध्ये ‘ऑडिओ फेअर’ भरली. हॉटेलच्या खोल्याखोल्यांतून यंत्रे मांडावयाची आणि लोकांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात ऐकावयाचे, ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. मुंबईतही ती तशीच आढळते. खोलीतला पलंग हलवलेला असतो, खिडक्यांवर जाड पडदे असतात, भिंतींना ध्वनिशोषक फळ्या टेकवलेल्या असतात. समोर दोन स्पीकर आणि त्यांच्याशी समभुज त्रिकोण साधणाऱ्या बिंदूवर एक खुर्ची. आवाजाचा खरा पट तेथेच उलगडतो. बाकीचे दाटीवाटीने मागे उभे असतात आणि खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहतात. मग यंत्र दाखवणारा गृहस्थ एक ध्वनिमुद्रण लावतो, मिनिट-दीड मिनिटाने थांबवतो, एखादी वायर किंवा एखादा ॲम्प्लिफायर बदलतो आणि तोच तुकडा पुन्हा लावतो. “आता फरक ऐका,” असे तो म्हणतो. आपण ऐकतो, आणि खरोखरच फरक ऐकू येतो.

असे तुकडे ठरलेले असतात. बहुतेकदा एखादी संथ इंग्रजी गायिका, एखादा डबल बास, एखादा तालवाद्यांचा गडगडाट. त्यांची निवड त्यांच्या कलात्मक थोरवीसाठी झालेली नसते. उपकरणाचा अमुक गुण उठून दिसावा म्हणून झालेली असते. आपल्याकडचे रागसंगीत या खोल्यांत फारसे कानी पडत नाही, आणि पडले तर ते समेवर येण्याआधीच बंद होते. पहिल्यांदा हे घडले तेव्हा खोलीतल्या एकानेही मान वर केली नाही, याचे मला विशेष वाटले. मैफलीत असे करणाऱ्याला आपण असभ्य म्हटले असते.

येथे मला माझ्या गावच्या बाजाराचे स्मरण होते. घोडेगाव (आंबेगाव तालुक्यातले नव्हे, नगर–औरंगाबाद, म्हणजे आताच्या अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे, नेवासे तालुक्यातले) जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, त्यातही म्हशींच्या. मुऱ्हा, पंढरपुरी, जाफराबादी अशा जाती, दलाल आणि हेडी, दावणीला उभी जनावरे, आणि त्यांच्याभोवती फिरणारी गिऱ्हाइके. गिऱ्हाईक म्हशीचे दात पाहते, कास चाचपते, सड तपासते, कितवे वेत आहे हे विचारते आणि सांगितलेल्या उत्तरावर विश्वास ठेवीत नाही. शक्य असेल तर धार काढून बघते. पूर्वी भाव रुमालाखाली बोटांनी ठरे. या साऱ्या व्यवहाराला मराठीत ‘पारख’ असा नेमका शब्द आहे. पारख हे ज्ञानच आहे. ते पिढीजात चालत येते, त्यात डोळा, हात आणि कान यांची दीर्घ साधना असते. तिची फसवणूक करण्याचे मार्गही तितकेच जुने आहेत. दोन वेळा धार न काढता कास तुंबवलेली म्हैस उभी केली की नवख्याला ती दुधाळ वाटते. हाय-फायच्या खोलीत याचेच प्रतिरूप आढळते : दोन उपकरणांची तुलना करताना एकाचा आवाज अगदी किंचित वाढवून ठेवला, तर ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणूनच या क्षेत्रातली प्रामाणिक माणसे दोन्हींची पातळी मोजून समान केल्याशिवाय तुलना करीत नाहीत, आणि कोणते उपकरण वाजत आहे हे ऐकणाऱ्याला कळू देत नाहीत.

तेव्हा हाय-फाय प्रदर्शन म्हणजे पारखीचा बाजार आहे, असे म्हणता येईल. त्यात कमीपणा काहीच नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराचे जे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखविले, त्यांतील पहिल्याशी हा बाजार उघड उघड संबद्ध आहे. अडचण अशी की तो दुसऱ्या ध्रुवाची भाषा बोलतो. आपण वस्तू विकत घेत नसून ‘संगीताच्या अधिक जवळ’ जात आहोत, असे तेथे सतत सांगितले जाते. घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणाऱ्याला अशी भाषा लागत नाही. आणि त्याची पारख एका ठिकाणी संपते हेही महत्त्वाचे आहे. जनावर घरी आले, गोठ्यात बांधले, की मग रोज उठून त्याचे दात कोणी पाहात नाही. हाय-फायच्या छांदिष्टाची म्हैस मात्र कधीच घरी येत नाही. तो ती आयुष्यभर बाजारातच उभी करून तपासत राहतो.

परंतु छांदिष्टाला इतक्या लवकर निकालात काढता येणार नाही. त्याचा दावा निष्ठेचा आहे, आणि तो दावा आधी समजून घेतला पाहिजे.

‘मूळ आवाजाशी निष्ठा’ म्हणजे काय? ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात हे ‘मूळ’ पहिल्यापासूनच निसटते आहे. १९१५ ते १९२५ या काळात एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी तिचीच तबकडी वाजवणारे यंत्र; मध्येच दिवे मालवावयाचे आणि गाते ते कोण, बाई की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखावयाचे. श्रोते फसत. या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस हिने पुष्कळ वर्षांनी सांगितले की आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळेल अशी काळजी ती घेत असे. म्हणजे यंत्र गायिकेशी निष्ठ आहे हे सिद्ध करण्यासाठी गायिका यंत्राशी निष्ठ राहिली! आपल्याकडे १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गेसबर्गने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्यांनी शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या हानोव्हरला तयार होत आणि तेथल्या कामगारांना नाव कळावे म्हणून ही योजना होती. आज ते नाव हा त्या गाण्याचा अविभाज्य भाग झाला आहे. तो कापून टाकला तर आपल्याला गाणे अपुरे वाटते. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या मर्यादेने ख्याल-ठुमरीच्या मांडणीवर काय संस्कार केले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढे खरे, की तबकडीवर जे आहे ते आधी अस्तित्वात असलेल्या मैफलीची ‘नक्कल’ नव्हे. तो एक वेगळाच आविष्कार आहे.

‘नक्कल’ या शब्दापाशी जरा थांबावेसे वाटते. सातबाऱ्याची नक्कल काढतात तेव्हा ती मूळ कागदाशी अक्षरशः जुळावी लागते. तिचे मूल्य त्या जुळण्यातच आहे. एखाद्या गवयाची नक्कल करणारा मात्र विनोदाचा विषय होतो, मग ती कितीही हुबेहूब असो. केसरबाई केरकरांनी अल्लादिया खाँसाहेबांची तालीम वर्षानुवर्षे घेतली. त्यांच्या गाण्यातली निष्ठा नकलेची नव्हती, हे कोणीही मान्य करील. खाँसाहेबांचे (मृत्यू १९४६) आणि भास्करबुवा बखल्यांचे (मृत्यू १९२२) गाणे तबकडीवर नाही. त्यांच्याशी निष्ठ राहण्याचा मार्ग शिष्यांतून आणि आठवणींतूनच जातो. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते, हे वाल्टर बेन्यामिनचे विधान आपल्याकडे फार वेळा उद्धृत झाले आहे. आपल्या संगीताच्या बाबतीत त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. यंत्र आले नसते तर यंत्रात न सापडलेल्यांभोवती हे वलय इतके गडद झाले नसते. ध्वनिमुद्रणाबाबत नाखूष असलेल्या केसरबाईंचीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून सूर्यमालेच्या बाहेर निघाली, सोबत सुई आणि ती कशी लावावी याची चित्रे घेऊन. एवढी जय्यत तयारी, आणि श्रोत्याचा पत्ता नाही.

निष्ठेच्या दाव्याची आणखी एक परीक्षा अलीकडे होऊन गेली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या तबकड्या मूळ मास्टर-टेपवरून निव्वळ ॲनालॉग पद्धतीने तयार होतात, अशी छांदिष्टांची समजूत होती आणि ती दूर करण्याची कंपनीने तसदी घेतली नव्हती. २०२२ साली उघड झाले की पुष्कळ तबकड्यांच्या निर्मितीत मध्ये एक डिजिटल टप्पा होता आणि तो २०११ पासून होता. म्हणजे दशकभर ज्या कानांनी या तबकड्यांत ॲनालॉगची ऊब ऐकली, त्यांना तो टप्पा ऐकू आला नव्हता. तरीही संताप उसळला, खटले झाले. या संतापाला हसणे सोपे आहे. मला तो अगदीच अनाठायी वाटत नाही. नेल्सन गुडमनने ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये (१९६८) असे दाखवून दिले आहे की, आज दोन चित्रांतला फरक मला दिसत नाही, एवढ्याने अस्सल आणि बनावट यांतला भेद माझ्या दृष्टीने निरर्थक ठरत नाही, भेद आहे हे कळल्यावर माझे पाहणेच बदलते. हाय-फायच्या श्रोत्याचीही तक्रार कानांची नव्हती, वचनभंगाची होती. पण मग हे कबूल केले पाहिजे की तो ज्यासाठी पैसे मोजत होता तो केवळ ध्वनी नव्हता, वंशावळ होती.

वंशावळीचा हा आग्रह आपल्या परंपरेत अनोळखी नाही. घोडेगाव ज्या तालुक्यात आहे त्या नेवाशाला शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीनशे वर्षांत तिच्या प्रतींमध्ये अपपाठ शिरले, आणि शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि कोणते ‘मूळ’ खरे हा वाद नव्याने उभा राहिला. पाठचिकित्सेचे सारे प्रश्न हाय-फायच्या खोलीत जसेच्या तसे उपस्थित असतात : मूळ कोणते, संक्रमणात काय भर पडली, काय गळाले, शुद्ध करणाऱ्याने स्वतःचे काही मिसळले काय. छांदिष्ट हा एका अर्थाने पाठचिकित्सक आहे, आणि त्याच्या चिकाटीची थट्टा करणाऱ्या साहित्याभ्यासकाने आपल्या घरातल्या चिकित्सक आवृत्त्यांकडे एकदा पाहावे. फरक इतकाच की एकनाथांनी प्रत शुद्ध केली ती वाचली जावी, पारायणे व्हावीत म्हणून. ग्रंथ सांगणाऱ्यानेही श्रोत्यांकडे जे मागितले (नवव्या अध्यायाच्या प्रारंभीच मागितले) ते अवधान होते. शुद्ध प्रत ही त्या अवधानाची सोय होती.

अवधान कोठे स्थिरावते, हाच मला या विषयाचा गाभा वाटतो. आणि त्यासाठी अभिनवगुप्ताने रससूत्रावरील विवेचनात सांगितलेली सात रसविघ्ने अतिशय उपयोगी पडतात. आपल्या विद्यापीठीय अध्यापनात ती बहुधा यादी म्हणून पाठ केली जातात. प्रत्यक्षात तो श्रवण-प्रेक्षणाच्या नीतीचा एक सूक्ष्म विचार आहे. त्यांतील चौथे विघ्न ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीतीच्या साधनांतच उणीव असणे. पाचवे ‘स्फुटत्वाभाव’, म्हणजे जे प्रतीत होते ते स्पष्ट नसणे. ही दोन विघ्ने दूर करणे हेच तर हाय-फायचे ब्रीद आहे. खरखर, घरघर, कोंदटपणा, स्वरांचे एकमेकांत मिसळणे हे सर्व त्याला नाहीसे करावयाचे असते. इतकेच काय, तिसरे विघ्न ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणे. त्यावर उपाय म्हणून अभिनवगुप्ताने गायन-वादनाबरोबर शृंगारलेल्या मंडपाचाही उल्लेख केला आहे. घरचा घोर घेऊन आलेल्या माणसाला त्याच्या घोरातून उचलण्याचे काम मंडपाची शोभा करते. तेव्हा पडदे लावलेली खोली, मंद प्रकाश, ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हांची तांबूस धग, यांना केवळ भपका म्हणून झिडकारता येत नाही. मंडपालाही रसव्यवहारात स्थान आहे.

परंतु सहावे विघ्न ‘अप्रधानता’. जे गौण आहे त्यावर चित्ताला विश्रांती मिळत नाही. गौणाची जाणीव स्वभावतः प्रधानाकडे धावते, आणि ती धाव अडली की रसप्रतीती अडते, असा त्याचा आशय आहे. हाय-फाय प्रदर्शनात ही धाव पद्धतशीरपणे अडविली जाते. साधनातले वैकल्य नाहीसे करण्यासाठी साधनाकडे लक्ष द्यावे लागते, आणि लक्ष एकदा तेथे गेले की साधन प्रधान होऊन बसते. गाण्यावरून यंत्र पारखावयाचे असल्याने गाणे यंत्राचे साधन बनते. चौथे आणि पाचवे विघ्न दूर करण्याची किंमत सहाव्याने वसूल होते. थोडी ओढाताण करून सातवे विघ्न ‘संशययोग’ हेही येथे मोजता येईल : याहून चांगली वायर असेल काय, ही शंका छांदिष्टाला अखेरपर्यंत सोडीत नाही. (निसर्गाचा विनोद असा, की ही उपकरणे परवडण्याच्या वयात माणूस पोचतो तोवर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकण्याची बाल्यातली शक्ती ओसरून चाळिशीच्या कानाची मजल बहुधा पंधरा हजारांच्या आसपास आलेली असते.)

येथे आडोर्नोचा युक्तिवाद कोणी पुढे करील. १९३८ च्या निबंधात त्याने म्हटले आहे की तोस्कानिनीच्या मैफलीला जाणारा श्रोता संगीताची नव्हे, तिकिटासाठी मोजलेल्या पैशांची पूजा करीत असतो. हाय-फायच्या छांदिष्टाला हे वर्णन सहज लागू पडते. इतके सहज की मला त्याचा संशय येतो. या युक्तिवादात पारखीला स्थानच नाही. जो जो वस्तूकडे बारकाईने पाहतो तो तो वस्तुपूजक, असे मानले तर तंबोऱ्याची जवारी लावताना तास घालविणारा गवईदेखील वस्तुपूजकच ठरेल. जवारी लावणे हे साधनाकडेच लक्ष देणे आहे. मात्र ते गाणे सुरू झाल्यावर संपते. निदान संपावे, अशी अपेक्षा असते. आयुष्यभर तंबोरा लावीत बसलेला गवई कोणी पाहिला नाही.

उलट बाजूने दुसरा एक सोपा निष्कर्ष वाट पाहात असतो, आणि तो आमच्या भागातल्या माणसाला अधिक मोहक वाटतो. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. देवळावर कर्णे बांधलेले असतात. हा कर्णा खर्ज जवळजवळ कापून टाकतो, वरचे स्वर चिरका करतो. प्रतीत्युपायवैकल्याचे याहून चोख उदाहरण सापडणार नाही. तरीही शिवारात कांदा खुरपणाऱ्या बाईपर्यंत त्यातून अभंग पोचतो, तिच्या ओठांवर येतो, क्वचित डोळ्यांत येतो. तिला सहावे विघ्न शिवतही नाही, कारण कर्णा हा तिच्या लेखी कर्णाच आहे. मग हॉटेलच्या खुर्चीतला मनुष्य आणि ही बाई यांत सहृदय कोण? उत्तर उघड वाटते. पण ते उघड वाटते म्हणूनच त्यापासून सावध राहावयास हवे. त्या बाईला दुसरा पर्याय कोणी दिलेला नाही. तिच्या सहृदयतेचे गोडवे गाऊन तिला निकृष्ट ध्वनीवर समाधानी ठेवणे, ही आपणा सुशिक्षितांची जुनी लबाडी आहे. आणि कर्णा केवळ तिच्यासाठी वाजत नाही. तो शेजारच्या आजाऱ्यासाठी आणि परीक्षेच्या विद्यार्थ्यासाठीही वाजतो, ज्यांनी तो मागितलेला नाही. आमच्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची प्रथा आहे, ती श्रद्धेने स्वीकारलेली. कानाला मात्र मुळातच दार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. मिरवणुकीत ट्रकवर उभ्या केलेल्या स्पीकरच्या भिंतीपुढे हे आकडे काय टिकतात ते सर्वांना ठाऊक आहे. हॉटेलातल्या खोलीत शांतता विकत घेतलेली असते. गावात ती विकतही मिळत नाही. श्रवणाच्या नीतीचा विचार करताना हा विषम वाटा नजरेआड करून चालणार नाही.

या भिंती उभ्या करणारी आमच्याकडची तरुण मंडळी दरसाल मुंबईला गोरेगावच्या ‘पाम एक्स्पो’ या व्यावसायिक ध्वनि-प्रकाश प्रदर्शनाला जातात, हे आपल्या विद्वत्परिषदांना बहुधा माहीत नसावे. तेथे भेटलेल्या एकाने मला खोक्याच्या लाकडाची जाडी, हवेच्या झरोक्याची लांबी आणि त्यावर ठरणारा खर्ज यांविषयी जे सांगितले, ते हॉटेलातल्या कोणत्याही खोलीत ऐकलेल्याहून नेमके होते. “सर, आवाज छातीत बसला पाहिजे,” असे तो म्हणाला. त्याचीही एक निष्ठा आहे. ती मूळ ध्वनीशी नसून समोरच्या गर्दीशी आहे. ती मला मान्य नाही, पण तिला निष्ठा म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. कारण तो पारख करून थांबतो आणि काम सुरू करतो.

तेव्हा दोष पारखीत नाही, तिला अंत नसण्यात आहे. हा फरक छांदिष्टाच्या स्वभावावर सोडून देण्याऐवजी प्रदर्शनाच्या रचनेतच शोधला पाहिजे, असे माझे मत आहे. एका खोलीत मी यंत्र दाखवणाऱ्याला अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेली, लावण्याची विनंती केली. तो नाखूष होता, आणि त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. असले ध्वनिमुद्रण लाखोंच्या स्पीकरची शोभा घालवते. लावल्यावर प्रथम सुईची खरखरच खोलीभर पसरली, यंत्राच्या निष्ठेमुळे नेहमीपेक्षा अधिक स्पष्ट. दोघे-तिघे उठून गेले. मग त्या खरखरीच्या मागे, पण तिच्यापासून आश्चर्यकारकपणे सुटा असा, तो निमुळता आवाज उभा राहिला. साध्या यंत्रावर जे एकजीव धुके वाटे त्यात आता गाणारा वेगळा आणि काळाचा ओरखडा वेगळा होता. श्वास कोठे घेतला हे कळत होते. हे यंत्राचेच देणे होते, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्या तीन मिनिटांत कोणी वायर बदलण्याचे सुचवले नाही. त्या ध्वनिमुद्रणात पारखण्यासारखे, त्या अर्थाने, काही उरलेच नव्हते. गौणाला प्रधान होण्यास जागा नसल्याने लक्ष जेथे जावयाचे तेथे गेले.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या श्रवणसभांची प्रथा रुजवली. अशा सभेतही पारख असतेच. किंबहुना हॉटेलातल्यापेक्षा ती अधिक कठोर असते. लेबलाचा रंग, मॅट्रिक्स क्रमांक, तबकडी कोणत्या गतीने वाजवली असता गायकाचा षड्ज खरा लागतो, यावर कडाक्याचे वाद होतात. गती किंचित चुकली तर पट्टी बदलते आणि गवई तरुण किंवा म्हातारा वाटू लागतो, एवढी ही बाब गंभीर आहे. पण हे वाद तबकडी वाजण्याच्या आधी होतात, नाहीतर नंतर. सुई एकदा टेकली की तबकडी संपेपर्यंत कोणी ती उचलीत नाही. हाय-फायच्या प्रदर्शनात असा एकच नियम केला, की लावलेली चीज पुरी होऊ द्यावी, तर खोल्यांपुढच्या रांगा वाढतील, दिवसाकाठी दाखवावयाच्या उपकरणांची संख्या निम्म्यावर येईल, आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना तो परवडणार नाही, हे मला कळते. घोडेगावच्या बाजारातही गिऱ्हाइकाला पुरी धार काढू देत नाहीत. चार चिळकांड्या पाहून ठरवावे लागते. मात्र तेथे दूध घरी जाऊन प्यावयाचे असते, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणून असतात.